अडकित्त्याचा गंज

गंज काढण्याचे सहा घरगुती उपाय मला माहीत आहेत, आणि सहाच्या सहा मी एकाच अडकित्त्यावर करून पाहिले आहेत. सहाव्याचा परिणाम अडकित्त्यापेक्षा माझ्या सासऱ्यांवर जास्त झाला.

ही गोष्ट मी सोलापुरात गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो तेव्हाची. म्हणजे देशात इंग्रज होता आणि माझ्या तोंडात दात होते, तेव्हाची. गिरणीत आलेल्या लोखंडी सामानाची यादी करायची, त्यात गंजलेलं किती ते वेगळं लिहायचं, हे माझं काम. (म्हणजे गंज या विषयातला मी पगारी माणूस होतो, हे ध्यानात ठेवा.)

बिऱ्हाड चाळीतल्या एका खोलीचं. खोलीत मी एकटा. माझी बायको हौसा पहिल्या बाळंतपणाला सांगोल्याकडे माहेरी गेली होती. मूल चार दिवसांचं होऊन गेलं. मला रजा मिळेपर्यंत बारा दिवस उलटले होते. मी गेलो तेव्हा ती आतल्या खोलीत होती आणि मी बाहेर सासऱ्यांशी यंदाच्या पावसाविषयी बोलत बसलो. दोन दिवस पावसाविषयीच बोललो. मग परत आलो. तिला वाटत असणार, वेळेला आला नाही तो कसला नवरा. मलाही तसंच वाटत होतं, त्यामुळे भांडायलासुद्धा जागा नव्हती.

त्यानंतर नऊ महिने गेले. मी दर पंधरवड्याला पत्र पाठवत होतो, 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.' हौसाला वाचता येत नव्हतं. गावचे मास्तर ओट्यावर बसून मोठ्याने पत्र वाचत आणि निम्मी वस्ती ऐकायला जमे. अशा पत्रात 'तू ये' लिहायचं म्हणजे मास्तरांच्या तोंडून वस्तीसमोर म्हणायचं. तेवढी माझी छाती नव्हती. म्हणून सर्व क्षेम.

एका बुधवारी उलट पत्र आलं. सासऱ्यांनी मास्तरांकडून लिहून घेतलं होतं, 'येत्या मंगळवारी घोंगड्या घेऊन सोलापूरच्या बाजारी येतो. तुमचे बिऱ्हाड डोळ्यांनी पाहीन. लोखंड बघून हौसाचे काय ते ठरवीन.'

ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कारण मामांना मी ओळखून होतो. (सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात.) मामा मेंढ्यावाले. लोकर कातरायची त्यांची कातर आरशासारखी लख्ख असे. माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, लोखंडावर होता. आमचं लग्न ठरवायला आले तेव्हा त्यांनी पत्रिका विचारली नाही की जमीन विचारली नाही. सरळ गोठ्यात गेले. आमच्या विळ्यावरून, कुऱ्हाडीवरून, खुरप्यांवरून अंगठा फिरवला. माझे वडील दर अमावास्येला सगळ्या हत्यारांना करडईचं तेल लावत. मामा बाहेर येऊन म्हणाले, "ह्या घरात लोखंड सुखात हाय. पोर बी सुखात ऱ्हाईल." आणि लग्नात त्यांनी मला काय दिलं, तर एक लोखंडी अडकित्ता.

त्या अडकित्त्याने हौसा रोज जेवणानंतर सुपारी कातरायची. कट्, कट्, कट्. ती काही बोलायची नाही, मीही नाही, पण तो आवाज आला की दिवस संपला असं वाटायचं. ती गेल्यावर मी पानाचा डबा उघडलाच नव्हता. पावसाळ्यात कौलांतून नेमकं त्याच डब्यावर ठिबकत होतं, हेही मला दिसलं नव्हतं.

पत्र वाचून डबा उघडला. अडकित्ता तांबडा झाला होता. उघडेना, मिटेना. मग तवा पाहिला, विळी पाहिली, सांडशी पाहिली. मी खानावळीत जेवत असल्यामुळे चुलीजवळचं सगळं लोखंड एकाच रंगाला आलं होतं. माझ्या खोलीतल्या गंजलेल्या सामानाची यादी केली असती, तर 'न गंजलेले' या रकान्यात फक्त मी आलो असतो, आणि माझीही खात्री देता आली नसती.

तवा, विळी, सांडशी मी खोलीतल्या ट्रंकेत कोंबली. अडकित्ता लपवण्यात अर्थ नव्हता, कारण मामा जेवल्यावर विडा मागणारच. तेवढा एक साफ केला की हौसा घरी, असा मी हिशेब केला.

आणि उपायही हाताशी होता. आदल्याच आठवड्यात वाण्याने शेंगदाणे बांधून दिले होते तो कागद कुठल्याशा मासिकाचा होता. त्यावर मथळा होता : 'लोखंडाचा गंज काढण्याचे स्वस्त व निर्धोक घरगुती उपाय'. 'निर्धोक' या शब्दाने मला फार धीर आला.

बुधवारी राख आणि काथ्याने घासलं. माझ्या अंगठ्याची साल गेली, गंज राहिला. गुरुवारी विटेचा भुगा. दुसऱ्या अंगठ्याची साल गेली. शुक्रवारी रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, म्हणजे दिव्यातलंच रॉकेल काढून घेतलं आणि संध्याकाळी अंधारात बसलो. खीळ जराशी हलली, तेवढा फायदा. शनिवारी ताकात ठेवून गिरणीत गेलो. परत येतो तो मांजराने ताक पिऊन भांडं चाटून ठेवलेलं, आणि ओल्या अडकित्त्यावर नवा कोवळा गंज. (गिरणीत तेलाची पिंपंच्या पिंपं होती. पण त्यातला थेंबही घरी न्यायचा नाही असा नियम होता, आणि मी नियम पाळणारा माणूस. त्याच गुणामुळे रजेशिवाय बाळंतिणीला बघायला गेलो नव्हतो.)

रविवारी पाचवा उपाय. अर्धा चिरलेला कांदा मिठात बुडवून लोखंडावर चोळायचा. सुट्टी होती म्हणून दारातच बसलो. पहिल्याच कांद्याला डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारी सायन्ना म्हणून तेलुगू रंगारी राहायचा, सूत रंगवायचा. त्याची बायको नरसक्का पाणी घेऊन चालली होती, ती थबकली.

"रडायलाव कशाला ओ?" तिने विचारलं.

"रडत नाही. अडकित्ता घासतोय."

तिने अडकित्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळाने सायन्ना येऊन माझ्याजवळ बसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "येतील की ओ वहिनी. असं करून घ्यायचं न्हाई."

"अरे, कांदा आहे हा."

"कांदाच की," तो म्हणाला, पण हात काढेना.

खरं सांगायचं तर चार कांदे संपले, हात धुतले, साली टाकून दिल्या, तरी माझे डोळे थांबले नव्हते. सायन्ना बसून राहिला. त्या नऊ महिन्यांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला होता तो तेवढाच.

उरला सहावा उपाय, आणि कागदावर लिहिलं होतं की हा रामबाण. चिंच कोळून तिच्या घट्ट पाण्यात वस्तू एक घटका बुडवावी, गंज आपोआप सुटतो. मी म्हटलं, एका घटकेत सुटतो तर दोन दिवसांत मुळासकट सुटेल. दोन दिवस ठेवला. पुढे लिहिलं होतं, 'बाहेर काढल्यावर मात्र अत्यंत काळजीपूर्वक' आणि तिथे पान संपत होतं. पुढचं पान दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगदाण्यांना गेलं होतं. काळजीपूर्वक म्हणजे हळू काढायचं असेल असं धरून मी मंगळवारी सकाळी अडकित्ता अगदी हळू काढला.

गंज गेला होता. खरोखर गेला होता. अडकित्ता करडा, स्वच्छ, उघडमीट होणारा. मी तो धोतराच्या सोग्याला पुसला (सोगा काळा पडला, त्याकडे लक्ष दिलं नाही) आणि ओलसर असतानाच त्याने मूठभर सुपारी कातरून ठेवली. कट्, कट्, कट्. हौसा माहेरी गेल्यापासून पहिल्यांदाच खोलीत तो आवाज आला. मला इतकं बरं वाटलं की मी गरजेपेक्षा दुप्पट सुपारी कातरली.

दहाच्या सुमाराला मामा आले. खांद्यावर घोंगड्या, हातात काठी, आणि हसले तेव्हा ते प्रसिद्ध दात. साठीतला माणूस, पण रोज बाभळीची काडी चावून दात असे ठेवले होते की जत्रेत लोक बोट दाखवत. दाराच्या कडीवरून त्यांनी आधी अंगठा फिरवला, मग आत आले. चुलीकडे पाहिलं.

"लोखंड दिसत न्हाई कुटं?"

"हल्ली पितळेचं वापरतो," मी म्हणालो.

"भाकरी बी पितळंच्या तव्यावर?"

मी खोकल्याची उबळ काढली. खानावळीतून आणलेला डबा पुढे केला. मामा जेवले. मग मी पानाचा डबा सरकवला. मामांनी अडकित्ता उचलला, उघडला, मिटला, उन्हात धरला, अंगठा फिरवला.

"न्हाई गंज," मामा म्हणाले.

"तुमचीच वस्तू. जपली." (खोटं बोलताना मी नेहमी थोडक्यात बोलतो.)

"मग हौसाला धाडायला माजी हरकत न्हाई. इडा खाऊ, अन् मग दिस ठरवू."

मी चुना लावला, कात लावला, सुपारी सढळ हाताने घातली. आनंदाच्या भरात मीही एक विडा खाल्ला. मामांनी तीन खाल्ले.

"सुपारी जरा आंबट लागती."

"सोलापूरची आहे," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी धाडतो की गुरुवारी, हे सांगायला मामांनी तोंड उघडलं आणि मी त्यांचे दात पाहिले. काळे. समोरचे, बाजूचे, दाढासुद्धा. काळजीने माणसाचे केस पांढरे होतात हे ऐकलं होतं, दात काळे होतात हे ऐकलं नव्हतं. मी घाईने म्हणालो, "गुरुवार बरा." त्याबरोबर मामा माझ्या तोंडाकडे बघतच राहिले.

"जावईबापू, तब्बेत बरी हाय नव्हं?"

"बरी आहे. तुमची?"

"मला काय हुतंय."

दोघंही तोंड मिटून बसलो. ते माझ्यासाठी काळजीत, मी त्यांच्यासाठी. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून कुणी काही विचारत नव्हतं. तेवढ्यात पाहुण्यांना राम राम करायला सायन्ना आणि नरसक्का आले. मामा भल्या माणसासारखे हसले. नरसक्काने पदर तोंडाला लावला.

"अय्यो, दातवण लावलाव काय ओ दोघं?"

दातवण म्हणजे जुन्या काळच्या बायका दात काळे करायला लावत ती पूड. सौभाग्याचं लेणं म्हणत तिला. साठ वर्षांच्या मेंढ्यावाल्याच्या तोंडी ते लेणं आलेलं पाहून सायन्नाने मात्र हसणं दाबलं आणि डब्यातली सुपारी उचलून वास घेतला.

"चिंच?"

"हो."

"लोखंड?"

"हो."

"आणि कात हाय विड्यात." सायन्ना मांडी घालून बसला. त्याचा चेहरा खुलला होता. "माझा बाप काळं सूत असंच रंगवायचा की ओ. आंबट पाण्यात लोखंड, वर हिरडा नाहीतर कात. आता डबीतला विलायती रंग आलाय, पण ह्याची सर न्हाई."

"रंग कच्चा की पक्का?" मी विचारलं.

"पक्का. घासा, धुवा, उन्हात वाळवा. उतरणार न्हाई," तो अभिमानाने म्हणाला.

मामा एकच शब्द बोलले, "आरसा."

आरसा हौसाच्या फणेरपेटीत होता. फणेरपेटी ट्रंकेत होती. ट्रंकेत तिच्यावर तवा, विळी आणि सांडशी होती. मी म्हणालो, "आरसा नाही." मामांनी ट्रंकेकडे पाहिलं, उठले आणि झाकण उघडलं.

एकेक वस्तू काढून त्यांनी जमिनीवर मांडली. तवा. विळी. सांडशी. सगळी तांबडीलाल. सायन्ना आणि नरसक्का हळूच बाहेर गेले. तळाशी फणेरपेटी होती. मामांनी ती उघडली. फणीत हौसाचे दोन लांब केस अडकलेले होते. कुंकवाचा करंडा तिने जाताना भरून ठेवला होता, तसाच भरलेला. पेटी मी नऊ महिन्यांत उघडली नव्हती. उघडायची भीती वाटत होती.

मामांनी आरशात आपले दात पाहिले. मग आरसा बाजूला ठेवला.

"ह्ये समदं कवापासनं?"

"ती गेल्यापासून."

"जेवता कुटं?"

"खानावळीत."

"अन् घरात काय करता?"

"घरात असतो," मी म्हणालो.

"मग न्यायला का आला न्हाईसा?"

"पोर गेलं तेव्हा मी नव्हतो, मामा. ती रागावली असेल म्हणून..."

"रागावली न्हाई. रोज सांजच्याला वाटंकडं तोंड करून बसती. म्या म्हनलं, जा. तर म्हंती, त्यास्नी माजी गरज आसंल तर बोलावतील." मामांचा आवाज चढला. "नऊ महिनं तुमी तितं सर्व क्षेम लिवताय, अन् हितं तव्याची ही दशा. तोंड हाय नव्हं तुमाला?"

"आहे," मी म्हणालो, आणि ते किती काळं आहे हे आठवून मिटलं.

"मग चला. आसंच चला."

त्यांनी चुलीतली राख घेतली, नरसक्काकडून करडईचं तेल मागून आणलं, आणि अडकित्ता आधी स्वच्छ पाण्याने धुऊन, मग राखेने घासून, कोरडा करून, खिळीत तेलाचा थेंब सोडला. सगळं मिळून घटकाभर लागलं. (मासिकाचं पुढचं पान ते हेच असावं.) मग तो कनवटीला लावून निघाले. बाजारात त्यांनी फेट्याचा शेव तोंडाला गुंडाळून घोंगड्या विकल्या आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस न करता सगळं मानेने आटपलं.

रजा मी मंगळवारचीच मागितली होती, पुढच्या दिवसांसाठी जन्मात पहिल्यांदा रजेशिवाय निघालो. मंगळवेढ्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. वाटभर मी मनातल्या मनात एक वाक्य घोटत होतो, 'मी वेळेला आलो नाही, माझं चुकलं, तुझ्यावाचून मला तिथे करमत नाही, घरी चल.' भीमा ओलांडली तेव्हा पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा हौसा ओट्यावर लोकर पिंजत बसली होती. खूप वाळली होती. मला पाहून उठली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"आबा, त्वांड का बांदलंया?" तिने बापाला विचारलं.

मामांनी शेव सोडला. ती बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. मी सगळं बळ एकवटलं, बायकोचं नाव घ्यायचं नसतं हेही विसरलो आणि "हौसा" एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य तयार होतं. पण तोंड उघडलं होतं आणि तिने आत पाहिलं होतं.

ती हसायला लागली. आधी पदरात, मग उघड, मग खांबाला धरून खालीच बसली. सासूबाई चुलीपासून धावत आल्या, कारण मूल गेल्यापासून त्या घरात तिचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. हसता हसता ती रडायला लागली आणि बराच वेळ रडली. मी शेजारी जाऊन बसलो. पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं.

"काय केलंसा ह्ये?" शेवटी तिने डोळे पुसत विचारलं.

"अडकित्त्याचा गंज काढत होतो."

"कशानं?"

"चिंचेनं."

"अन् मग धुतला न्हाईसा?"

"धुवायचं पुढच्या पानावर होतं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमास्नी एकटं ठिवायची सोय न्हाई," ती म्हणाली आणि लुगड्यांची घडी घालायला आत गेली.

मी तिला 'चल' म्हणालो की नाही, यावरून आमचं पुढे आयुष्यभर वाजलं. ती म्हणायची, तुमी म्हनला न्हाईसा, मीच आले. मी म्हणायचो, माझ्या ओठांवर होतं. ती म्हणायची, ओठ न्हाई बगितले, दातच बगितले.

हौसा जाऊन आता दोन वर्षं झाली. अडकित्ता माझ्याकडे आहे. रोज जेवणानंतर तो हातात घेतो, सुपारी नसली तरी दोन-चारदा मिटतो. कट्, कट्, कट्. दर अमावास्येला राखेने घासून करडईचं तेल लावतो. तवा, विळी, सांडशी सगळं लख्ख आहे. मामा आज असते आणि दारात आले असते, तर ह्या लोखंडावरून अंगठा फिरवून त्यांनी मला पुन्हा डोळे झाकून मुलगी दिली असती. फक्त मी तोंड उघडायच्या आत त्यांना होकार द्यावा लागला असता. आत आता दाखवायला काळा दातसुद्धा उरलेला नाही.